सात वेळा ‘छान’ आणि एक सुशीला : लेखनगटात जाऊन खरंच काही होतं का?

अर्धी_वही | २ मार्च, २१:४०

मंडळी, दोन वर्षं इथं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, वय ४७, बँकेत काउंटरवर. घरी एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात अकरा कथा आहेत आणि अकराच्या अकरा अर्धवट. सुरुवात झोकात होते, मग मार्च एंड येतो, मुलाची परीक्षा येते, सासूबाईंचं मोतीबिंदू येतं, आणि कथेतली माणसं जिथं असतील तिथंच अडकून पडतात. एक बाई तर २०१९ पासून एसटी स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीसाठी उभी आहे.

आमच्याकडं पासबुक भरायला एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांच्या घरी, मुरारजी पेठेत, दर पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात आणि लिहिलेलं वाचून दाखवतात. "ये गं एकदा" म्हणून मागं लागल्या होत्या. काल गेले. चार पानं वाचली. कानशिलं तापली होती, आवाज कुठल्या कुठं. वाचून झाल्यावर सगळे म्हणाले, छान. मी मोजलं. सात जण, सात वेळा ‘छान’. मग सुशीला आला (मस्त होता, वर शेंगाचं कूट), चहा आला, एकीच्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला आणि साडेआठला मी घरी. वही होती तशीच.

एक आजोबा मात्र गप्प बसून होते. निघताना, चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "तुमची ती बाई आतून कडी काढते म्हणता. पण नवरा जाताना बाहेरून कडी घालून गेला होता ना?" रात्रभर झोप नाही. खरंच गेला होता की हो घालून! दुसऱ्या पानावर. मीच लिहिलंय.

तर विचारायचं असं : अशा गटात जात राहिल्यानं लिखाणाला काही मिळतं, की नुसता रविवार बरा जातो? अनुभव सांगा. (नवऱ्याचं मत : "सुशीला घरीही होतो.")

कडक_भाकरी | २ मार्च, २१:५२

आधी एक महत्त्वाचं. सुशीला ‘आला’ की ‘आली’? बाकीचं नंतर बोलू.

सातरस्ता | २ मार्च, २१:५५

मुरमुऱ्यांचा असेल तर आला, शेजारची असेल तर आली. पुढचा प्रश्न.

तिरकस | २ मार्च, २३:१०

ताई, दिवे घेऊन वाचा, म्हणजे गंमतीत घ्या.

लिहिणं हे एकट्यानं करायचं काम आहे. चार जण मिळून पत्ते खेळतात, भजन करतात, लग्नात वाढतात. कथा चार जण मिळून लिहीत नाहीत. गटात काय चालतं ते तुम्हीच लिहिलंय : सात ‘छान’. आज मी तुला छान म्हणतो, पुढच्या रविवारी तू मला म्हण. उंटाच्या लग्नात गाढवं गायला, दोघंही खूश. अहो रूपम्, अहो ध्वनिः.

इतिहास बघा. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, रानडे पती-पत्नी, घाटे, माडखोलकर, दिवाकर. रविवारच्या चहाला जमायचे, एकमेकांच्या कविता ऐकायचे. आणि १९२५ मध्ये अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची जी टोपी उडवली ती आजपर्यंत डोक्यावर परत बसलेली नाही. इतके जण एकमेकांना ऐकत होते, आणि जे दिसायला हवं होतं ते बाहेरच्या माणसाला दिसलं. एवढं बोलून मी खाली बसतो.

कडक_भाकरी | २ मार्च, २३:१४

आता धाग्याचं काही खरं नाही. चिवडा घेऊन बसलोय.

धोटा | ३ मार्च, ०६:२०

नमस्कार. मला टायपिंग सावकाश जमतं, म्हणून सकाळी लिहिलालोय.

मी एकतीस वर्षं यंत्रमागावर काढली. चादर, टॉवेल दोन्ही. घरात तेलुगू, शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. कवितेचा नाद लागला तेव्हा आम्ही पाच जण दाजी पेठेत एकाच्या गच्चीवर बसायचो. एक एसटीत कंडक्टर, एक शिंपी, एक प्राथमिकचे मास्तर, एक जण किराणा दुकानात पुड्या बांधायचा आणि मी. गटबिट नाव नव्हतं. घरातले म्हणायचे, ‘गच्चीवरचे रिकामे’.

मी पहिली कविता वाचली. त्यात माझा धोटा ‘नाचत’ होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं, पैंजण वगैरे पण घातले होते त्याला. मास्तर म्हणाले, वा. शिंपी म्हणाला, वा. कंडक्टर म्हणाला, "किती वर्षं झाली तुला मागावर?" म्हटलं, चौदा. "धोटा नाचताना बघितलायस का बे?" म्हटलं, नाही. "मग काय करताना बघितलायस?"

आता ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे बाण्याचं सूत घेऊन ताण्याच्या मधून पळणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. मागाचा जोर इतका असतो की एखादे वेळी तो वाटेतून निसटतो आणि उडतो. आमच्या खात्यात एकाच्या तोंडावर बसला आणि समोरचा दात गेला. दात सापडला तो दुसऱ्या दिवशी, खाली सुताच्या कचऱ्यात. हे मी गच्चीवर सांगितलं तर सगळे गप्प. कंडक्टर म्हणाला, "हे लिही की."

मी नाच खोडला आणि दात लिहिला.

मग घरात आजारपण निघालं, मी तीन बैठका गेलो नाही. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला कंडक्टर ड्युटी संपवून तसाच खाकीत घरी आला. काय झालं, का आला नाहीस, काही विचारलं नाही. पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाताच्या पुढं काय झालं?"

तिरकसराव, तुमचं म्हणणं मला कळतं. लिहिताना मी एकटाच होतो, रात्रपाळी करून आल्यावर. पण कुणीतरी पुढचं ऐकायला बसलंय हे माहीत नसतं तर मी तो कागद वळकटीखाली घालून झोपलो असतो.

वसुधा_क | ३ मार्च, ०८:०५

धोटाकाका, दंडवत. पुढं काय झालं दाताचं? इथं द्या ना कविता.

धोटा | ३ मार्च, ०८:३१

नको. खूप जुनी आहे. अजून दोन ओळी बसल्या नाहीत.

निवांत_पंत | ३ मार्च, ११:४७

तिरकस, अर्धाच इतिहास सांगितलात. अत्र्यांना विडंबन करता आलं कारण त्या कविता लोकांच्या तोंडी होत्या. माहीत नसलेल्या कवितेच्या विडंबनाला कोण हसेल? आणि तोंडी कशा झाल्या? तर याच मंडळींनी ठिकठिकाणी जाऊन त्या म्हणून दाखवल्या. काव्यगायनाची प्रथा आपल्याकडं रुळली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. शिवाय चहा एकत्र प्यायले म्हणून सगळे एकसारखं लिहीत होते असंही नाही. माधव जूलियन फारसीचे अभ्यासक, ते मराठीत गझल घेऊन आले. यशवंतांची वाट वेगळी, गिरीशांची वेगळी.

दुसरं उदाहरण साहेबाच्या देशातलं. ऑक्सफर्डमध्ये १९३०-४० च्या दशकांत ‘इंकलिंग्ज’ नावाचा लेखकांचा कंपू होता. गुरुवारी रात्री सी. एस. ल्युईस यांच्या कॉलेजातल्या खोलीवर जमायचे, मंगळवारी पबमध्ये. तिथं टोलकिन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणं वर्षानुवर्षं वाचली. सगळ्यांना आवडायची असं नाही. ह्युगो डायसन नावाचे एक सदस्य त्या वाचनाला इतके वैतागले की पुढं पुढं ते हजर असले की वाचन बंद. पण ल्युईस पाठपुरावा करत राहिले. पुस्तक निघालं १९५४-५५ मध्ये. टोलकिन यांनी नंतर एका पत्रात कबूल केलंय की ल्युईसचा माझ्यावर लेखक म्हणून प्रभाव असा नाही, पण त्यानं उत्सुकतेनं पुढचं मागितलं नसतं तर हे माझ्या हातून पुरं झालं नसतं.

म्हणजे धोटाकाकांच्या कंडक्टरनं केलं तेच. फक्त खाकी नव्हती.

सोन्नलगी | ३ मार्च, १३:०२

पंत, ऑक्सफर्डला कशाला जाता? घर कन्नड असल्यानं मला राहवत नाही.

बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, अनुभवमंटप भरायचा. बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि चांभारापासून नावाड्यापर्यंत सगळ्या कामधंद्यांचे शरण, म्हणजे शिवभक्त. आपापली वचनं सांगायचे आणि त्यावर खडाजंगी व्हायची. आपले सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्यातलेच, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. परंपरेतली गोष्ट अशी की सिद्धराम इथं तळं खोदून घेत होते, तेव्हा अल्लमप्रभू आले आणि त्यांना उद्देशून म्हणाले, कुठाय तो माती उपसणारा वड्डर? गावकऱ्यांनी दगड उचलले. पुढं दोघांचा वाद झाला आणि अल्लम सिद्धरामांना कल्याणला घेऊन गेले.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, आपण दरवर्षी जातो, काठ्यांना नमस्कार करतो, तळ्याकाठी फोटो काढतो. त्याच तळ्याच्या काठावर एका लिहित्या माणसाला दुसऱ्यानं तोंडावर सुनावलं होतं. सात ‘छान’ नव्हते तिथं.

सातरस्ता | ३ मार्च, १३:२०

सोन्नलगी, क्या बात! पण ताईंच्या गटात अल्लमप्रभू आले तर सुशीला कोण करणार?

रात्री_अकरा | ३ मार्च, २३:०४

मी जुळे सोलापूरची. आमचा सहा बायकांचा गट आहे, आधी फक्त व्हॉट्सअॅपवर होता. पहिले दोन महिने कविता. मग सकाळची फुलं. मग एकीनं साड्यांचे फोटो टाकले, नऊवारी दोन हजारांपासून. कुणी कथा टाकली की खाली पाच अंगठे, आणि अंगठा देणारीनं ती उघडलेलीसुद्धा नसायची. मी एकदा मुद्दाम मधे ‘येथून पुढे धुण्याची यादी’ असं लिहून यादीच टाकली. अंगठे पाचच.

मग आम्ही भिशी लावली. पैशांची नव्हे. सहा चिठ्ठ्या, दर महिन्याला एक निघते. जिचा नंबर लागेल तिचंच लिखाण त्या महिन्यात वाचायचं, इतर कुणाचं नाही. झेरॉक्स काढून प्रत्येकीनं घरी नेऊन वाचायचं, पेन्सिलनं जिथं थांबावंसं वाटलं तिथं रेघ मारायची, आणि महिनाअखेरीला एकत्र बसायचं. अख्खी दुपार एकीची. नंबर लागूनही लिहिलं नाही, तर तिनं सगळ्यांना खाऊ घालायचं. माझे आत्तापर्यंत दोनदा धपाटे झालेत.

फरक काय पडला सांगू? आधी सगळ्या जणी आपलं वाचायचा नंबर कधी येतो याकडं डोळे लावून दुसरीचं ऐकायच्या. आता महिनाभर दुसरीचंच डोक्यात असतं. भांडी घासताना मला मैत्रिणीच्या कथेतला दीर आठवायचा. तिला फोन करून सांगितलं, हा माणूस पैसे मागेल, रडणार नाही. ती म्हणाली, थांब, पोळी करपतेय. अर्ध्या तासानं तिचाच फोन : "कितीला मागेल?"

चार वर्षांत तिघींच्या कथा दिवाळी अंकांत आल्या. दोघींची एकही पुरी झालेली नाही, आणि भिशी सोडायला त्याच तयार नाहीत.

अर्धी_वही | ४ मार्च, ०७:१५

धोटाकाका, रात्री_अकरा, काय लिहू? बसमध्ये वाचत होते, आसरा चौक मागं गेला तरी कळलं नाही.

भिशीची कल्पना शिक्षिकाबाईंना सांगणार आहे. पण त्यांना वाईट वाटेल का? सगळे वयानं मोठे आहेत. त्यांनी प्रेमानं ‘छान’ म्हटलं आणि मी म्हणायचं की मला तुमचं छान नको?

फसलेला_कवी | ४ मार्च, १०:३३

ताई, ‘छान’ फुकट मिळतंय तोवर घ्या. मी पैसे मोजून घेतलंय.

एक गट होता, नाव सांगत नाही. दर आठवड्याला विषय द्यायचे : पाऊस, आई, पुन्हा पाऊस. कविता टाकली की संध्याकाळी सन्मानपत्र, सोनेरी महिरप, माझा फोटो, नाव चुकलेलं. अशी माझ्याकडं चौतीस आहेत. मग प्रातिनिधिक काव्यसंग्रह निघाला. एका कवितेला पंधराशे रुपये, त्यात दोन प्रती आणि प्रकाशनाला शाल. दोन प्रतींतली एक आली. माझ्या कवितेचं शेवटचं कडवं पुढच्या पानावर, म्हणजे दुसऱ्याच कवीच्या कवितेला चिकटलेलं. आणि खरं सांगतो, तिथं ते जास्त शोभत होतं.

शाल सोलापुरीसुद्धा नव्हती.

कडक_भाकरी | ४ मार्च, १०:४०

शेवटच्या वाक्याला निषेध सभा घ्यायला पाहिजे. चार पुतळ्यांजवळ भेटू.

वसुधा_क | ४ मार्च, १२:१८

फसलेला_कवी, हसू की रडू. पण ही वर्गणीची भानगड आणि ताईंचा सुशीलावाला गट एका मापानं मोजू नका. तिथं कुणी पैसे मागितलेले नाहीत.

टेक्सासचा_टॉवेल | ५ मार्च, ०८:५०

मूळचा साखर पेठेतला, आता अमेरिकेत. हँडलचा उगम बॅगेत. दर खेपेला आई सहा टॉवेल भरते.

इकडं सार्वजनिक वाचनालयात एका गटात मी दोन वर्षं जात होतो. तिथं नियम असा की तुमच्या लिखाणावर चर्चा सुरू झाली की तुम्ही तोंड उघडायचं नाही. अजिबात. विद्यापीठांतल्या लेखन कार्यशाळांतून ही पद्धत पसरली. आयोवा विद्यापीठात १९३६ ला सुरू झालेली कार्यशाळा त्यातली सगळ्यात नावाजलेली. वीस मिनिटं लोक तुमच्या कथेबद्दल तुमच्या समोर बोलतात, जसे तुम्ही वारलायत. सोलापूरच्या माणसाला वीस मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय, कल्पना करा. पहिल्या वेळी मी जीभ चावली ती खरोखरच चावली.

पण उपयोग झाला. आपण ‘मला असं म्हणायचं होतं’ म्हणून खुलासा करायला गेलो की समोरचा भिडेखातर मान डोलावतो. खुलासा करायची सोयच नसली की कळतं, कागदावर काय उतरलं आणि काय आपल्याच डोक्यात राहिलं. ताईंच्या कडीचं तेच आहे.

तोटाही सांगतो. माझ्या आजीची कथा होती, ती विडी कामगार. सगळी वीस मिनिटं तेंदूचं पान, सुपात तंबाखू कशी ठेवतात आणि हजार विड्यांना मजुरी किती यातच गेली. आजी राहिली बाजूला. आता आम्ही चौघं जण व्हिडिओ कॉलवर मराठीत जमतो. माझी सकाळ, त्यांची रात्र. तिथं विडीचा खुलासा करावा लागत नाही, सरळ आजीवर येतात.

तिरकस | ५ मार्च, २२:२५

बरीच कानउघाडणी झाली, आभारी आहे. सोन्नलगींचा प्रतिसाद जपून ठेवलाय. पण एक मुद्दा कुणी घेतला नाही, म्हणून परत येतो.

गट वाईट असला तर प्रश्नच नाही, माणूस सोडून जातो. चांगला गट जास्त धोक्याचा. मी स्वतः एका गटात सात-आठ महिने होतो, प्रेमळ माणसं, कुणाच्या पोटात पाप नाही. तिथं एकानं वृद्धाश्रमात संपणारी कथा वाचली. बायकांच्या डोळ्यांत पाणी. त्यानंतर मी नऊ कथा ऐकल्या आणि नऊच्या नऊ वृद्धाश्रमात संपल्या. एक तर ऐतिहासिक होती! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या खोलीत काय चालतं हे माणसाला वासानं कळतं आणि हात आपोआप तिकडं वळतो. मी दहावी वाचली, ती वृद्धाश्रमात गेली नाही. शांतता. मग एक जण हळूच म्हणाला, "शेवट अजून व्हायचाय का?"

यावर काय उपाय आहे तुमच्याकडं?

निवांत_पंत | ५ मार्च, २२:५८

ऐतिहासिक वृद्धाश्रमाला साष्टांग नमस्कार.

उपाय नाही. खरंच नाही. गटाचा कल होतो, आणि ज्याला त्यातून सुटायचं त्यानं अधूनमधून रजा घ्यावी.

धोटा | ६ मार्च, ०६:०५

आमच्या गच्चीवर हा त्रास झाला नाही कारण पाच जणांचं एकमेकांशी पटतच नव्हतं. मी ‘तो खुर्ची’, ‘ती दगड’ लिहायचो. तेलुगू घरातल्या माणसाला मराठीतला तो-ती-ते जन्मभर पुरतो. मास्तर लाल पेनानं सगळा कागद रंगवायचे. शिंपी म्हणायचा, राहू दे, आमच्या गिऱ्हाइकांत निम्मे असंच बोलतात. दोघं इतके भांडले की दोन महिने एकमेकांकडं बघून चहा घेतला नाही. शेवटी कंडक्टरनं तोड काढली : जे धोटा सांगतो ते मास्तरांचं, जे त्याची माणसं बोलतात ते शिंप्याचं. आजपर्यंत तसंच लिहितो.

आपल्या गावात हे नवं नाही. लक्ष्मीनारायण बोल्ली सरांचं घर तेलुगूच, आणि मराठीत केवढं नाव केलं. मास्तर मला त्यांचं उदाहरण द्यायचे, आणि पुन्हा लाल पेन काढायचे.

(कडक_भाकरी, म्हणून सुशीला आला की आली हे मला विचारू नका.)

सातरस्ता | ६ मार्च, ०९:४४

थोडं अवांतर. २००६ ला आपल्याकडं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी स्वयंसेवक होतो. अध्यक्ष मारुती चितमपल्ली, गावचेच. त्याआधी १९४१ ला इथं संमेलन झालं होतं, खांडेकर अध्यक्ष, आजोबा सांगायचे. तर २००६ ला मांडवात बसायला जागा नव्हती. माझ्या खिशात घडी घातलेली चार पानं होती, तीन दिवस. दाखवायला एक माणूस हुडकत होतो. सापडला नाही. सगळे कुणाला तरी ऐकायला आलेले. शेवटच्या दिवशी मंडपवाल्याच्या पोरानं विचारलं, "खिशात काय आहे ओ?" त्याला वाचून दाखवलं, खुर्च्या उचलता उचलता. तो म्हणाला, "दुसरं पान पुन्हा वाचा."

मला गटाचं इतकंच कळतं.

वसुधा_क | ६ मार्च, १०:१०

जमायला जागा कुठं बरी, हेही सांगा कुणीतरी. मला आमच्या भागात सुरू करायचंय. घरी शक्य नाही, दोन खोल्या आहेत.

रात्री_अकरा | ६ मार्च, १०:३६

हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या आवारात विचारून बघा. संध्याकाळी पार्कावर नको, भेळवाल्यांच्या आरोळ्यांत एक ओळ ऐकू येत नाही. हॉटेलात तीन चहांवर दोन तास बसता येतं, त्यानंतर पोऱ्या टेबल पुसायला लागतो आणि पुसतच राहतो. एप्रिल-मे मध्ये साडेसहाच्या आधी ठेवूच नका, ४३ अंशांत कुणाला कविता सुचत नाही, ऐकवत तर त्याहून नाही.

आणि सगळ्यात मुख्य : वार ठरवू नका.

टेक्सासचा_टॉवेल | ६ मार्च, १०:५०

वार का नको?

रात्री_अकरा | ६ मार्च, १०:५३

फार वर्षं बाहेर आहात तुम्ही. पाणी!

चार-पाच दिवसांनी येतं, वार फिरत राहतो, आणि आमच्यात सहा जणी म्हणजे चार वेगवेगळे भाग. एकीकडं नळ आला की ती गेली. त्यामुळं आमची बैठक ‘महिन्याचा शेवटचा कोरडा दिवस’.

कडक_भाकरी | ६ मार्च, १०:५९

वसुधाताई, गटाला नाव मिळालं : कोरडा दिवस. दारूबंदीवाले पण येतील.

अर्धी_वही | १५ मार्च, २२:३०

आज परत गेले होते. धागा मीच काढला म्हणून हजेरी लावते.

जायच्या आधी शिक्षिकाबाईंना फोन केला. घाबरत घाबरत म्हटलं, बाई, आज मला छान म्हणू नका, कुठं कंटाळा आला तेवढं सांगा. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, मागच्या वेळी तिसऱ्या पानावर मी पेंगले होते. तू पहिल्यांदाच आलेलीस, कसं सांगणार?" म्हणजे सात ‘छान’मधला एक झोपेतला होता.

आज सांगितलं सगळ्यांनी. तिसरं पान पूर्ण कंटाळवाणं, एकमतानं. नवऱ्याचं ऑफिस कुणाला नको होतं. एक काकू म्हणाल्या, "त्याच्या साहेबाशी आमचं काय देणंघेणं?" मला थोडं लागलं, खोटं का बोलू. ते पान मी चार वेळा लिहिलं होतं. घरी येताना रिक्षात डोळे भरून आले, आणि मधेच लक्षात आलं की पहिल्या दोन पानांवरचं त्यांना सगळं आठवत होतं. मोलकरणीच्या हातातली किल्ली, दुधाचं पातेलं, सगळं. मी सांगितलेलं सोडून बाकीचंही त्यांनी घराबद्दल ठरवून टाकलं होतं. जिना कुठंय यावर दोघांत वाद झाला!

आणि ते आजोबा. त्यांचं मधल्या मारुतीजवळ चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान होतं. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, अडसर. म्हणाले, "मला कथेतलं काही कळत नाही. पण बाहेरून कडी असेल तर आतून दार उघडत नाही, हे मी जन्मभर विकलंय." मग म्हटलं, तुम्ही काय वाचता इथं? तर त्यांनी पिशवीतून दुकानाची लांब लाल वही काढली. डाव्या बाजूला उधारी, उजव्या बाजूला त्या गिऱ्हाइकाबद्दल दोन-दोन ओळी. ‘याला कुलूप हवे. कोणापासून, विचारले नाही.’ अशी पानंच्या पानं. आज कुणाला निघवेना. सुशीला तसाच गार झाला.

कडीचं असं केलंय : शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी येऊन बाहेरून काढते. पण आता ती मुलगी आत आलीये आणि जायला तयार नाही. तीन पानं झाली. कथा अजून संपलेली नाहीच, पण वर्षभरात ही पहिलीच जी पुढं सरकलीये.

भिशीचं त्यांना फार आवडलं. पहिली चिठ्ठी आजोबांची निघाली.

धोटा | १६ मार्च, ०६:१०

‘कोणापासून, विचारले नाही.’ आजोबांना माझा नमस्कार सांगा. मला ऐकायला यायचंय त्यांची वही. येऊ का?

अर्धी_वही | १६ मार्च, ०७:०२

काका, याच. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पुढची बैठक २९ ला होती पण त्या दिवशी बाईंकडं पाण्याचा वार येतोय बहुतेक, कळवते.

तिरकस | १६ मार्च, २३:४८

माझं मत बदललेलं नाही, हे आधी नोंदवतो. वृद्धाश्रमाला कुणी उत्तर दिलेलं नाही.

पण दोन आठवडे एक गोष्ट डोक्यात आहे, विचारून टाकतो. तुमची ती एसटी स्टँडवरची बाई. २०१९ पासून उभी आहे म्हणता. सोलापूरहून अक्कलकोटला गाड्या सारख्या सुटतात. मग हिला गाडी मिळत कशी नाही? का मिळतेय, आणि ती सोडतेय?

अर्धी_वही | १६ मार्च, २३:५६

सोडतेय.

थांबा हं. वही आतल्या खोलीत आहे.